आई जवळ घेत नाही

(खाणाखुणा बदलून लिहितेय.)

परवा नागपुरात पारडीच्या पलीकडल्या एका वस्तीत गेले होते. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन आला होता. दोन लेकरं दिवसभर एकटी असतात, नऊ वर्षांची पोट्टी गॅसवर भात लावते, आईचं लक्ष नाही.

माझ्याआधी आमची नवी सहकारी जाऊन आली होती. पोरगी हुशार आहे. तिच्या गृहचौकशी अहवालात एक ओळ होती: 'आई मुलांना जवळ घेत नाही.' मुलीनेच सांगितलेलं, म्हणजे खोटं नाही. पण मूल घरी राहणार की संस्थेत, हे ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे अशी ओळ गेली की तिचं काय होऊ शकतं, हे बावीस वर्षांत पुरतं कळलंय मला.

मी पायरीवर बसले, चहा घेतला. (चहाला नाही म्हणायचं नाही, हे एमएसडब्ल्यूत, म्हणजे समाजकार्याच्या शिक्षणात, कोणी शिकवत नाही.) मुलगी तांदूळ निवडत होती. अर्ध्या तासाने सहज विचारलं, आई जवळ कधी घेते गं?

"मिरची संपली का घेते न."

आई मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागेवर, कामाला जाते. दिवसभर देठं खुडायची. हात कितीही धुवा, तेल चोळा, भगभग जात नाही. गेल्या साली धाकट्याला उचललं आणि बोट त्याच्या डोळ्याला लागलं. रात्रभर रडला. तेव्हापासून हंगाम संपेपर्यंत ती झोपताना मधे उशी ठेवते.

निघताना शेजारची म्हातारी म्हणाली, "मॅडम, पोट्ट्यायले होस्टेलात टाकून द्या न, दोन टाइम जेवतीन तरी." हेच मला धरमपेठेतले शिकलेले लोकही सांगतात, फक्त शुद्ध भाषेत. २०१५ चा बाल न्याय कायदा म्हणतो, संस्था हा शेवटचा उपाय. आपल्याला तोच आधी सुचतो.

सगळीच घरं अशी नसतात. पोटच्या पोराला चटके देणारीही पाहिलीत. तिथून मूल त्याच दिवशी उचललं, चोवीस तासांच्या आत समितीपुढे नेलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

या बाईला मात्र पैसे हवेत. सरकारच्या बाल संगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. पण नवरा चार वर्षांपूर्वी सुरतेला गेला तो गेलाच. मेलेल्याचा दाखला मिळतो, घटस्फोटाचा कागद असतो. नुसत्या निघून गेलेल्याचं काय जोडायचं? धाकट्याचं आधार नाही, ते काढायला जायचं तर एका दिवसाची मजुरी बुडते. कोणत्याही कचेरीत विचारा, 'कागद पूर्ण करून आणा.' शेवटी म्हातारीलाच साक्षीदार म्हणून अंगठा मागितला. तिने लगेच दिला, वर म्हणाली, "हे आधी सांगाचं न!"

सहकारी ती ओळ खोडायला निघाली होती. मी म्हटलं, राहू दे. तिच्याखाली मुलीचं वाक्य जसंच्या तसं लिही. तिने लिहिलं, मी सही केली.