ओटीपी सांगितला नाही, तरीही पैसे जातात

गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: ‘ओटीपी कुणाला सांगू नका, खात्यातून एक रुपयाही जाणार नाही. ओळखीच्या नंबरवरून आलेली फाइल बिनधास्त उघडा. आणि पैसे गेलेच तर विसरा, तक्रारीचा काही उपयोग नसतो.’ पहिलं वाक्य अर्धवट खरं आहे. पुढची दोन माणसाला थेट खड्ड्यात घालणारी आहेत.

ओटीपी सांगू नये, हे बरोबरच. पण चोरांना आता तो विचारावाच लागत नाही. ‘आरटीओ चलान’, ‘पीएम किसान यादी’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावाची फाइल येते आणि नावाच्या शेवटी एपीके असतं. ती फाइल म्हणजे अख्खं अ‍ॅप. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण घाईत ‘अलाऊ’ दाबतो आणि बँकेचा ओटीपी आपल्या नकळत चोराकडे पोहोचतो. निफाडचा शेतकरी द्राक्षबागेच्या कामातून मान वर काढून ‘किसान यादी’ उघडतो, तेव्हा त्याला मूर्ख ठरवणं मला अजिबात पटत नाही. एमएच-१५ ची गाडी रोज द्वारका सर्कलवरून नेणाऱ्याला चलानाची शंका येणारच. खरं चलान परिवहनच्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं अ‍ॅप त्यासाठी कधीच लागत नाही.

तसं अ‍ॅप चुकून टाकलंच, तर आधी फोन फ्लाइट मोडवर टाका आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

ओळखीच्या नंबराचंही तेच. ज्याच्या फोनमध्ये हे अ‍ॅप शिरतं, त्याचं व्हॉट्सअ‍ॅपही अनेकदा चोराच्या हाती जातं आणि तीच फाइल त्याच्या सगळ्या ग्रुपवर पडते. मामांच्या नंबरवरून आली तरी मामांना साधा फोन लावून विचारा.

‘डिजिटल अरेस्ट’मध्ये तर कुणी ओटीपी मागतच नाही. व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या पोलिसाला घाबरून माणूस स्वतःच बँकेत जाऊन आरटीजीएस करतो. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. यूपीआयचा पिनही पैसे घेताना लागत नाही. मागितला की समजा, पैसे जाणार आहेत.

‘विसरा’ हा सल्ला सर्वांत घातक. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवलं, तर पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं, की चूक ना तुमची ना बँकेची, अशा फसवणुकीची माहिती बँकेचा संदेश मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत दिली, तर भुर्दंड तुमच्यावर पडत नाही. तुमच्या हलगर्जीपणामुळे अनधिकृत व्यवहार झाला असेल, तरी कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. घरचे रागावतील म्हणून दिवसेंदिवस गप्प बसणारे नेमकं हेच संरक्षण गमावतात. फोन केल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा; बँकेने हात वर केले, तर तोच पुरावा दाखवता येतो.