ट्रॅक्टर घेतला, आता उतार शोधतोय

आमचं रान दीड एकर, सासवडच्या पुढं, पुरंदर तालुक्यात. दीड एकर म्हणजे 60 गुंठे, आणि तेही सलग नाहीत, आजोबांच्या वाटण्या मग वडिलांच्या वाटण्या असं होत होत चार तुकडे पडलेत, त्यातला एक तर इतका लांबुळका आणि अरुंद आहे की आबा त्याला नाडीच म्हणतात. आबा म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, वय 74, रान खरं तर तेच बघतात. मी पुण्यात धायरीला राहतो, सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटर आणि शनिवार-रविवार शेतकरी. बायको म्हणते शनिवार-रविवार शेतकऱ्यांना अडथळा.

तर एवढ्याशा रानाला ट्रॅक्टर कशाला, असं तुम्ही विचारणार. सगळ्यांनी विचारलं. पण ज्याने भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट बघितली नाही त्याला हे कळायचं नाही. पाऊस पडून जातो, जमीन जरा सुकते, ना चिखल ना ढेकूळ, असा वाफसा येतो दोन-तीन दिवस, आणि त्याच दोन-तीन दिवसांत अख्ख्या गावाला ट्रॅक्टर पाहिजे असतो. आमचा भाड्यावाला म्हणायचा, "येतो की संध्याकाळी." कुठल्या संध्याकाळी ते कधी सांगायचा नाही. त्याचं मशीन मोठं, 50 एचपीचं, त्याला आमच्या नाडीत आत घातलं की वळायला जागा नाही, मग म्हणायचा "दादा, तुमच्याकडं नांगरण्यापेक्षा वळण्यातच डिझेल जातंय." आणि वळण्याचेही तासावर पैसे घ्यायचा. गेल्या खेपेला तो आला तेव्हा वाफसा जाऊन जमीन अशी आवळली होती की फण वरचेवर उड्या मारत गेला. त्या दिवशी मी ठरवलं, आपला स्वतःचा.

बायकोने रात्री हिशोब मांडला. भाड्याने वर्षाला लागतात 11 तास, तासाला 1,100, म्हणजे 12,100 रुपये. मी म्हणत होतो तो जुना ट्रॅक्टर 1,90,000 च्या आसपास. भागाकार केला, पावणेसोळा वर्षं. "ट्रॅक्टरची नोंदणी किती वर्षांची असते?" तिने विचारलं. मी म्हणालो 15. "म्हणजे आपले पैसे वसूल व्हायच्या आधी सरकारचासुद्धा त्याच्यावरचा विश्वास संपतो." आणि मी जो बघून ठेवला होता तो 2006 चा, त्याची 15 वर्षं संपून पुढच्या 5 वर्षांसाठी नूतनीकरण झालेलं, त्यातलीही दोन गेलेली. हे मी तिला त्या रात्री सांगितलं नाही.

नवा का नाही घेतला? डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं तिथं जाऊन आलो की. छोटे छोटे ट्रॅक्टर, चकाचक, प्रत्येकाच्या सीटवर बसून बघितलं, पिशवीभर माहितीपत्रकं आणली, किमती बघून ती पिशवी माळ्यावर टाकली.

मग सुरू झाला जुन्याचा शोध. जाहिरातीत काय लिहितात बघा, "सिंगल ओनर, शोरूम कंडिशन, फक्त घरगुती वापर." आता ट्रॅक्टरचा घरगुती वापर म्हणजे काय, पोळ्या लाटायला? दोन महिने रविवार एजंट लोकांबरोबर फिरण्यात गेले. एवढं शिकलो की ज्याने ऊस ओढलाय तो घ्यायचा नाही, दोन-दोन ट्रॉल्या लावून कारखान्याला खेपा केलेल्या ट्रॅक्टरचा क्लच आणि गिअरबॉक्स पार चावून चोथा झालेला असतो. आणि ताज्या रंगाला भुलायचं नाही. एकजण तर पोळ्याच्या बैलासारखा नटवून उभा केला होता, आबांनी नखाने खरवडलं तर खाली अजून दोन रंग.

शेवटी शिक्रापूरच्या बाजूला एक सापडला. कंपनीचं नाव घेत नाही, बिचाऱ्यांनी 2006 साली चांगलाच बनवला असणार. टेकाडावर असा ऐटीत उभा केलेला, मागं मोकळं आभाळ, मी तर मनात म्हटलं काय झकास जागा आहे. ती जागा का निवडली होती ते मला नंतर कळलं.

बरोबर सासवडचे मिस्त्री होते आणि आबा. मिस्त्रींनी गेल्या गेल्या इंजिनवर तळहात ठेवला. "गरम आहे."

मालक म्हणाला, "सकाळीच फवारणीला नेला होता."

"औषध कशावर मारलं? शेतात तर काहीच नाही."

मालक शेताकडं असं बघायला लागला जणू त्यालाही आत्ताच कळलंय. मिस्त्रींनी मग ऑइल टाकायचं झाकण उघडलं, आतून धुराची फुसफुस येत होती, तिच्यावर हात धरला, वास घेतला, सायलेन्सरच्या धुराकडं बराच वेळ बघत राहिले. काळा असेल तर हवा कमी नाहीतर डिझेल जास्त, निळा असेल तर ऑइल जळतंय, पांढरा असेल तर डिझेल नीट पेटत नाही. आमचा तिन्ही रंगांचा होता, जरा जरा. अवर मीटरवर 2,347 तास. मालक म्हणाला, "बघा, फक्त 2,347!" तो आकडा आज दोन वर्षांनीही 2,347 च आहे.

आबांना या कशाशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी आयुष्यभर बैल घेतले, दात बघून. दोन दाती, चार दाती, सगळे दात आले की बैल जुळला म्हणायचं. त्यांनी मागच्या टायरच्या नक्षीवरून बोट फिरवलं आणि निकाल दिला, "जुळून लई वर्षं झाली याला." मग एजंटला बाजूला घेतलं, खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला आणि जनावरांच्या बाजारात करतात तसा खालून बोटं धरून भाव करायला लागले. एजंट पोरगा पंचविशीचा, त्याला हे माहीतच नाही, त्याला वाटलं आजोबांना चक्कर येतीये. त्या गोंधळात 5,000 कमी झाले.

मिस्त्रींना मी विचारलं, "घेऊ का?" ते म्हणाले, "घ्या. वाईट आहे, पण काय वाईट आहे ते कळतंय." एवढा प्रामाणिक सल्ला मला आयुष्यात कुणी दिला नाही, लग्नाच्या वेळीसुद्धा. ट्रॅक्टर आपल्या नावावर करायचे फॉर्म 29, फॉर्म 30, आणि आधीच्या मालकाचं कर्ज कागदावर तसंच होतं म्हणून बोजा उतरवायचा फॉर्म 35, त्यावर सह्याच सह्या, ते सगळं रामायण सोडून देतो.

घरी आणायची मजा सांगतो. चुलतभाऊ चालवतोय, एका मडगार्डवर मी आणि दुसऱ्यावर आबा, वाघोली, खराडी, मुंढवा, हडपसर. टॉप गिअरला 25 चा स्पीड. हडपसरला सिग्नलवर शेजारी स्कूटरवाल्या बाई थांबल्या, तोंडाला स्कार्फ, फक्त डोळे दिसत होते, त्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं की हे इथं का. सिग्नल सुटला तरी आमची वरात निघेना, मागं सगळी मगरपट्टा ऑफिसला उशीर झाल्यासारखी हॉर्न वाजवत होती.

दिवे घाटात निम्म्यात रेडिएटर उकळला. खाली मस्तानी तलाव, वर आम्ही, मध्ये वाफ. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या होत्या त्या गार होईपर्यंत वाट बघून आत ओतल्या आणि आम्ही तहानलेले दगडावर बसलो. मला रडू यायचं बाकी होतं. आबा म्हणाले, "अरे माऊलींच्या रथालासुद्धा या घाटात जादा बैलजोड्या जुंपत्यात. याला एकट्याला वर आणायचं म्हणजे त्याचा तरी काय दोष?" म्हणजे 1,90,000 च्या वस्तूची कड घेतली त्यांनी, माझी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनला चावी मारली. खिर्र. खिर्र. खि. मिस्त्रींना फोन केला, ते म्हणाले कॉम्प्रेशन कमी झालंय, म्हणजे इंजिनात हवा पुरेशी दाबली जात नाही, बॅटरी नवी टाकली तरी थंडीत अवघडच, स्लीव्ह-पिस्टन बदलायचे तर 40 हजार धरा, "नाहीतर उतार आहेच की, फुकट." तेव्हा मला ते टेकाड आठवलं, ती झकास जागा, ते मोकळं आभाळ.

तर आता आमच्या रानात एकच उतार आहे, विहिरीजवळच्या चिंचेखाली. ट्रॅक्टर तिथंच लावायचा, चाकाला दगड, सकाळी दगड काढायचा, गिअर टाकून क्लच दाबून सोडून द्यायचा, वेग आला की क्लच सोडायचा, धाड् करून लागतो. काम संपलं की परत चिंचेखाली. मध्ये कुठं बंद पडला तर सहा माणसं धक्क्याला, त्यांना चहा आणि वर त्यांचे सल्ले. याचा माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. चांदणी चौकातून कोथरूडकडं गाडी उतरते तेव्हा लोकांना शहर दिसतं, मला वाटतं इथं सेकंड गिअरला आरामात सुरू होईल.

आणि सुरू करणं परवडलं, बंद करणं त्याहून भयंकर. पहिल्याच दिवशी फण मारून झाला, मी ऐटीत चावी फिरवली, चावी काढून खिशात टाकली आणि ट्रॅक्टर आपला धडधडतोय. मला कुणी सांगितलंच नव्हतं की या जुन्या डिझेल इंजिनला ठिणगी वगैरे लागत नाही, चावी फक्त स्टार्टर आणि दिव्यांपुरती, बंद करायचं तर एक नॉब ओढून पंपातलं डिझेल तोडावं लागतं, आणि आमच्या ट्रॅक्टरला त्या नॉबच्या जागी नुसतं भोक होतं. आबा समोर जाऊन हात वर करून "हो! होऽ!" म्हणून ओरडले, बैल थांबवतात तसं. तो काही थांबेना. शेवटी ब्रेकवर उभा राहून टॉप गिअरला क्लच सोडला, तेव्हा गचका खाऊन बंद झाला. सपाट जागेत. सहा माणसं, चहा, सल्ले.

मिस्त्रींनी मग त्या भोकातून क्लच वायरचा तुकडा घातला, टोकाला पडद्याची कडी, डॅशबोर्डच्या मागं डाव्या हाताला. ती फक्त मला माहीत आहे. डिझेलचा काटाही मेलेला, म्हणून सीटखाली बाभळीची काडी ठेवलीये, टाकीत बुडवून बघायला. ती काडी आली त्याला कारण आहे. एकदा डिझेल संपलं, मी म्हटलं त्यात काय, ओतू की. ओतलं, पण पाइपात हवा शिरलेली, एअर लॉक. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, पंप मारत बसा, आधी नुसता फेस येतो, मग फेस आणि डिझेल, मग निव्वळ डिझेल, मग स्क्रू आवळा, मग नोझलचे नट सैल करा आणि परत तेच. चार तास. सोमवारी ऑफिसात शेजारच्याने विचारलं, "जनरेटरचा वास येतोय का रे?"

क्लच प्लेटची गोष्ट तर वेगळीच. ट्रॅक्टरला कारसारखी चासी नसते, इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टने जोडलेले, तेच त्याचं अंग. क्लच बदलायचा तर अख्खा ट्रॅक्टर मधून वेगळा करायचा. शनिवारी गेलो तर पुढचा अर्धा चिंचेखाली आणि मागचा अर्धा दहा पावलांवर, मध्ये कोंबड्या फिरतायत. मला फोटो काढायचा धीर झाला नाही, बायकोला दिसला असता. नाना पेठेत पार्ट आणायला गेलो तर काउंटरवरचे म्हणाले, "सॅम्पल आणलंय का? मॉडेल नका सांगू, सॅम्पल." परत गेलो, जुनी प्लेट पेपरात गुंडाळून बसने आणली, शेजारच्या आजींनी विचारलं तवा कुठनं घेतलास रे बाळा. काउंटरवाल्यांनी प्लेटच्या मधल्या भोकातले दाते मोजले, मग नवीचे मोजले, मग परत जुनीचे. आबांना सांगितलं तर म्हणाले, "मग? दात मोजल्याबिगर काय घेऊच ने."

ऑइलवरूनही बोलणी खाल्ली. पुस्तकात 250 तासांनी बदला लिहिलंय, आमचे वर्षाला 11, म्हणजे पावणेतेवीस वर्षं निवांत. मिस्त्री म्हणाले, "साहेब, ऑइल तास मोजत नाही, पावसाळे मोजतं." आणि भाड्यावाला? तो आता हाक मारली तरी वळत नाही. "तुमचा घरचा आहे की आता!" असं हसत हसत म्हणून पुढं जातो.

मागच्या मंगळवारी अकरा वाजता मीटिंगमध्ये होतो, आबांचा फोन. आबा फोन करतात ते कुणी गेलं तर किंवा कुणाचं ठरलं तर. बाहेर येऊन उचलला. मागं धडधड.

"लागला रे!"

"कोण लागला?"

"ट्रॅक्टर! उतारावरनं सोडला, क्लच सोडला, पयल्या झटक्यात लागला. वाफसा काय शनिवारपर्यंत थांबतो व्हय तुझ्यासाठी?"

"आबा, तुम्ही चालवताय?"

"मग काय. तीन तुकडं उरकलं. आता नाडीच्या पार त्या टोकाला आलोय."

"आबा, आधी तो बंद... नाही, बंद नका करू, चिंचेखाली न्या आणि मग बंद करा."

"त्याच्यासाठीच तर फोन केला. हो म्हणून बघितलं, ऐकत न्हाय. ती कडी कुठं दडवलीस?"

"डॅशबोर्डच्या मागं, डाव्या हाताला. पण आबा, आत्ता ओढू नका. काडी बुडवून बघितली का सकाळी?"

"कसली काडी?"

तेवढ्यात पलीकडची धडधड जरा अडखळली, परत लागली, परत अडखळली, आणि थांबली. एकदम शांत. चिमण्यांचा आवाज यायला लागला.

"आबा?"

"झाला बघ बंद," आबा खुशीत म्हणाले. "मी कडीला हात बी लावला न्हाय. शिकतंय जनावर."