“दूध पुरत नाही, वरचं द्या” हा मेसेज पुढे पाठवू नका

बाळंतपण जवळ आलेल्या बायकांना हा मेसेज हमखास येतो. पहिले तीन दिवस आईला दूध नसतं म्हणून वरचं द्या, उकाड्यात पाणी पाजा, आणि बाळ सारखं रडत असेल तर दूध पुरत नाहीये, बाटली सुरू करा. काळजीपोटीच पाठवतात सगळे, पण तिन्ही सल्ले चुकीचे आहेत.

पहिले तीन दिवस दूध नसतं हे खरं नाही, चीक असतो ना! घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा, म्हणून घाबरायला होतं, पण पहिल्या दिवशी बाळाचं पोटच इतकं इवलंसं असतं की एका वेळी चमचाभर पण पुष्कळ होतं, आणि त्यात अँटिबॉडीज, म्हणजे रोगांशी लढणारे घटक, भरपूर असतात. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरतं, सिझेरियननंतर कधीकधी अजून थोडं उशिरा. तोवर बाळाचं वजन जरा उतरतं, ते नॉर्मल आहे.

पाण्याचं तर विचारूच नका. आईच्या दुधात जवळपास ८७ टक्के पाणीच असतं, त्यामुळे सहा महिने वेगळं पाणी लागत नाही, कितीही उकडत असलं तरी. डॉक्टरांनी दिलेलं औषध किंवा ओआरएस ही वेगळी गोष्ट.

आता तिसरा सल्ला, सगळ्यात जास्त नुकसान ह्याच्यामुळे होतं. बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनतं. बाटली दिली की बाळ गाढ झोपतं, बराच वेळ अंगावर पीत नाही, छाती भरलेलीच राहते, मग शरीर दूध बनवणं कमी करतं आणि चार दिवसांनी घरचे म्हणतात बघ, म्हटलं होतं ना पुरत नाही! अहो, ते बाटलीनेच कमी केलं. संध्याकाळी बाळ तासन्‌तास पीत राहतं ते पण बऱ्याचदा भुकेलं राहिल्यामुळे नसतं, पहिल्या काही आठवड्यांत बाळं तशीच पितात.

त्यापेक्षा आधी पकड बघा, म्हणजे बाळ छाती तोंडात कशी धरतंय ते. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, आणि नुसतं निप्पल नाही तर भोवतीचा काळा भाग पण तोंडात हवा. दुखत असेल तर ओढून काढू नका, बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून स्वच्छ बोट आत घालून पकड सोडवा आणि परत लावा. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजा, रात्रीचं तर चुकवूच नका कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हार्मोन रात्री जास्त असतं.

काही आयांना खरंच कमी दूध येतं, काही आजारांत किंवा औषधांमुळे पाजता येत नाही, त्यात आईचा काही दोष नाही, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं, मेसेज वाचून नाही. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत ६ किंवा जास्त वेळा लघवी होतेय आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत आलं, तर दूध पुरतंय. लघवी कमी झाली, बाळ मलूल पडलं, प्यायला उठतच नाही किंवा वजन १० टक्क्यांहून जास्त उतरलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.