रिवर्क

माझ्या फ्रिजवर एक कागदी भिरभिरं लटकलंय. त्याच्या एका पात्यावर पेन्सिलीने, शाळामास्तरी वळणाच्या अक्षरात लिहिलंय, 'रिवर्क'. मी ते केव्हाच खोडून टाकलं असतं, पण घरातला एकुलता एक खोडरबर त्याच भिरभिऱ्याच्या पाठीला डिंकाने चिकटलेला आहे.

काल दुपारी ताई तिच्या सात वर्षांच्या लेकीला माझ्याकडे सोडून गेली. "मोबाइल द्यायचा नाही. काहीतरी हस्तकला करा. यादी पाठवलीय, सगळं सोपं आहे." यादीचं नाव होतं 'सुट्टीतल्या पंचवीस सोप्या हस्तकला'. पहिल्याच कलाकृतीला टॉयलेट पेपरच्या चार रिकाम्या नळकांड्या हव्या होत्या. टाकाऊतून टिकाऊ. आता माझ्यासारख्या एकट्या माणसाकडे ऐन वेळी चार रिकाम्या नळकांड्या कुठून असणार? मी नवाकोरा रोल घेतला आणि तो उलगडून रिकामा करायला बसलो. एक रोल उलगडून झाल्यावर आपण काय करतोय हे ध्यानात आलं आणि मी यादीतल्या दुसऱ्या नंबरकडे वळलो. भिरभिरं. चौरस कागद, टाचणी, काडी. वेळ, पाच मिनिटं.

भाची तेव्हा कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची आगगाडी करत होती. एका चिमट्याने दुसऱ्याची शेपटी पकडायची, दुसऱ्याने तिसऱ्याची. अर्धा तास तोंडातून चकार शब्द नाही. मी म्हटलं, "ते ठेव बाजूला, आपण हस्तकला करू."

हे वाक्य मला काल रात्रीपासून छळतंय, पण त्याकडे नंतर येतो.

दुसरा कागद बिघडत असताना बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे काका आले होते. महिन्यापूर्वी नेलेलं माझं लाकडी स्टूल परत द्यायला. काका एका कारखान्यात मालाच्या तपासणीवर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तपासणी चालू आहे. त्यांनी स्टूल खोलीच्या मधोमध ठेवलं, डुगडुगत नाही ना हे बघितलं आणि त्यावर बसले.

"काय चाललंय?"

"भिरभिरं करतोय, काका."

"कागद चौरस नाहीये."

"तोच करतोय चौरस."

"ए-फोर ना? २१० बाय २९७. म्हणजे ८७ मिलिमीटर जादा आहे. मोजलंस का?"

मोजलं नव्हतं. मी कोपरा तिरका दुमडून उरलेली पट्टी कापत होतो. जगातली सगळी माणसं असंच करतात आणि बरोबर करतात. पण कोणी बघत असलं की घडीसुद्धा वाकडी पडते. मी तिसरा कागद घेतला.

मग काकांनी त्या कागदाची कुंडली मांडली. हा आकार उगाच आलेला नाही. लांबी भागिले रुंदी बरोब्बर दोनाचं वर्गमूळ, त्यामुळे मधोमध कापला तरी दोन्ही तुकड्यांचं प्रमाण तेच राहतं. १९२२ साली जर्मनीत हे प्रमाणित झालं. सगळ्यात मोठा ए-झीरो म्हणजे एक चौरस मीटर, त्यातून सोळा ए-फोर निघतात. "आता तुझा कागद ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम. भागिले सोळा. एका कागदाचं वजन किती?"

"पाच ग्रॅम," भाची म्हणाली. सात वर्षांच्या मुलीला हा भागाकार यायचं काही कारण नाही. काकांनी तिला हाताची पाच बोटं दाखवली होती, हे मी स्वतः पाहिलं. पण शाबासकी तिला मिळाली आणि माझ्याकडे बघून एक उसासा.

मी कात्री भाचीच्या हातात दिली. कोपऱ्यांपासून मध्याकडे कापत जायचं, मध्ये नाण्याएवढी जागा सोडायची. ती डाव्या हाताने कापते. रेष इकडे, कात्री तिकडे आणि कागद पात्यांमध्ये चेंगरलेला. मी जरा जोरातच म्हणालो, "अगं, रेषेवर बघ ना!"

"तिला रेष दिसतच नाहीये," काका म्हणाले. त्यांनी कात्री हातात घेऊन दाखवलं. उजव्या हाताच्या कात्रीचं वरचं पातं डाव्या हातात नेमकं रेषेला झाकतं. शिवाय बोटांचा जो जोर उजव्या हातात पाती एकमेकांवर दाबतो, तोच डाव्या हातात त्यांना दूर लोटतो. कापणार काय, कपाळ? डावखुऱ्यांसाठी उलट्या पात्यांची कात्री वेगळी मिळते. "दोष ऑपरेटरचा नाही. टूलचा आहे."

मला खरोखर लाज वाटली. दोन वर्षं आम्ही घरचे सगळे तिला धांदरट म्हणतोय.

"आणि माझ्या हातून जे चार कागद बिघडले?" मी वातावरण हलकं करायला विचारलं.

"तिथे टूल ठीक आहे."

यानंतरचा तासभर मी आठवू इच्छित नाही, पण फ्रिजकडे गेलं की आठवतो. एकाआड एक टोकं मध्यावर आणायची असतात. मी एका पाकळीची दोन्ही टोकं आणली आणि शेजारच्या पाकळीचं एकही नाही. मग टाचणी इतकी घट्ट खोचली की भिरभिरं काडीला सतीसारखं चिकटून राहिलं. काका म्हणाले, "क्लिअरन्स कुठाय?" टाचणीचं भोक सैल हवं आणि कागद नि काडी यांच्यामध्ये एक मणी हवा, म्हणजे घासत नाही. मणी कुठून आणू? भाचीने आपल्या केसांच्या रबरबँडचा मणी तोडून दिला. (ताईला अजून माहीत नाही.) मग टाचणीचं टोक मागून बाहेर आलं. "सेफ्टी!" काका इतक्या मोठ्याने ओरडले की मीच टोचून घेतलं. त्या टोकावर मी खोडरबर बसवला आणि हलू नये म्हणून पांढरा डिंक ओतला.

या पांढऱ्या डिंकाबद्दल मला दोन शब्द बोलायचे आहेत. त्यातलं पाणी उडून गेल्याशिवाय तो धरत नाही, आणि जाड थर दिला तर सकाळपर्यंत तसाच ओला राहतो. व्हिडिओत मात्र एक हात डिंक लावतो आणि पुढच्याच क्षणी दुसऱ्या रंगाच्या नेलपॉलिशचा हात वाळलेली वस्तू उचलतो. म्हणजे मधे माणसाने नेलपॉलिश बदललं, वाळवलं, कदाचित झोपही काढली! आणि वर लिहिणार, पाच मिनिटं. त्या व्हिडिओंत एकही लहान मूल नसतं. कसं असेल? मूल असतं तर डिंक वाळेपर्यंत त्याने त्यात बोट घातलं असतं, ते बोट मांजरीला पुसलं असतं आणि वर चमकी ओतली असती.

चमकी तर भाचीने ओतलीच, भिरभिऱ्यावर आणि माझ्यावर. ही चमकी म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकच्या फिल्मचे बारीक कण. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीवर बंदी आणली, असं काका म्हणाले. मला त्यामागची पर्यावरणाची कारणं पटतात, पण आज सकाळी दाढी करताना जी कारणं दिसली ती जास्त पटली.

अखेर भिरभिरं उभं राहिलं. मी फुंकर मारली. ते अर्धा वेढा फिरलं, विचार केला आणि परत आलं.

काकांनी हात पुढे केला. भिरभिरं डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, खिशातून पेन्सिल काढली (पेन्सिल खिशात घेऊन कोण शेजाऱ्याकडे जातं?) आणि लिहिलं, 'रिवर्क'. "एकंदर अकरा कागद गेले," ते म्हणाले. "अकरा पाचे?"

"पंचावन्न ग्रॅम," भाची म्हणाली. या वेळी बोटं कोणी दाखवली नव्हती.

मग त्यांची नजर जमिनीवर गेली. "हे कोणी केलं?"

"मी. पण ती हस्तकला नाहीये," भाची म्हणाली.

काका गुडघ्यावर बसले. इंजिन धरून आगगाडी हळूच ओढली. एकतीस चिमटे, एकही सुटला नाही, वळणावरसुद्धा. "पास," ते म्हणाले, आणि पहिल्या चिमट्यावर पेन्सिलीने बारीक टिक केली.

मला राग आला, आणि तो नक्की कोणाचा हे अजून कळत नाहीये. काकांचा म्हणावा तर ते बरोबर होते. पोरगी मजेत होती. तिला उठवून मी यादीतलं करायला लावलं, कारण यादीतलं केलं की फोटो काढता येतो आणि ताईला पाठवता येतो. चिमट्यांच्या आगगाडीचा कोणी फोटो मागितला नव्हता. सुट्टी पोरांची, यादी मोठ्यांची, आणि बिघडलं की पोर धांदरट! बरं, हे सगळं मला कळायला वरच्या मजल्यावरून माणूस खाली यावा लागला, याचं जास्त लागलंय.

संध्याकाळी ताई आली. "काय काय केलंत?"

"काकांनी शिकवलं," भाची म्हणाली. "मामाने पसारा केला."

तोवर काका गेले होते. दोन तास ज्यावर बसले, ते स्टूल उठताना सवयीने काखेत मारून घेऊन गेले. आज मला माळ्यावरची बॅग काढायची आहे. वर जाऊन स्टूल मागायला हरकत नाही, पण दार उघडल्यावर ते पहिलं काय विचारणार हे मला ठाऊक आहे. म्हणून सकाळपासून मणी शोधतोय.