किरणोत्सर्गाने अंतराळवीर एकमेकांच्या जिवावर उठतात?

‘अंतराळातील किरणोत्सर्गाने मेंदू जळतो, अंतराळवीर एकमेकांच्या जिवावर उठतात, अमेरिकी अंतराळवीर स्कॉट केली यांचा ७ टक्के डीएनए बदलला आणि नासा हे दडवते’, असा संदेश भाचीने मला पाठवला आणि खाली विचारले, ‘मावशी, मग मी हा अंतराळाचा नाद सोडू का?’ दहावीतल्या मुलीला असे विचारावे लागले, याचा मला संताप आला.

डीएनए बदलला, हे खोटे आहे. केली यांच्या काही जनुकांचे कार्य कमी-जास्त झाले आणि त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक पृथ्वीवर परतल्यावर पूर्ववत झाली. दडवण्याचे म्हणाल, तर अंतराळातील ३४० दिवसांच्या मोहिमेत केली आणि पृथ्वीवरच राहिलेले त्यांचे जुळे भाऊ मार्क यांची केलेली तुलना २०१९ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत छापून आली आहे. त्याच अभ्यासात बुद्धीच्या चाचण्याही आहेत. अंतराळात असताना केली यांची कामगिरी फारशी ढळली नाही. वेग आणि अचूकता घटली ती परतल्यावर, आणि त्यामागे गुरुत्वाकर्षणाशी पुन्हा जुळवून घेणे व भरगच्च वेळापत्रक असावे, असे संशोधकांनीच सुचवले आहे.

सर्वांत घातक दावा जिवावर उठण्याचा. अंतराळस्थानकात नोव्हेंबर २००० पासून माणसे अखंड राहत आहेत आणि तिथे असे काहीही घडलेले नाही. पथकात ताण येतो, हे खरे. पण २०१०-११ मध्ये मंगळयात्रेची तालीम म्हणून मॉस्कोत सहा जणांना ५२० दिवस बंद ठेवले, तेव्हा अंतराळातील किरणोत्सर्गाचा मागमूस नसतानाही काहींची झोप बिघडली, एकात नैराश्याची लक्षणे दिसली, आणि त्यांनी नोंदवलेले नियंत्रण कक्षाशी झालेले खटके आपसातल्या खटक्यांच्या पाचपट होते. कोंडलेपण, अपुरी झोप आणि दूर बसून सूचना देणारी माणसे, एवढ्यानेच माणूस चिडतो.

मेंदू जळण्याच्या दाव्यात मात्र अर्धसत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील प्रयोगांत अंतराळात असतात तशा विद्युतभारित कणांच्या माऱ्यानंतर उंदरांची स्मरणशक्ती मंदावली. तो मारा काही मिनिटांत केलेला होता, म्हणून मी तो बाजूला सारला असता. पण २०१९ मध्ये सहा महिने थोडा-थोडा मारा करूनही उंदरांचे शिकणे आणि आठवणे बिघडलेले दिसले. शिवाय मंगळाच्या वाटेवर क्युरिऑसिटी यानाने दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) मोजले, ते स्थानकातल्या मात्रेपेक्षा बरेच अधिक, कारण स्थानकाला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडोसा आहे. मंगळयात्रेत माणसाच्या मेंदूचे नेमके काय होईल, हा प्रश्न उघडा आहे, आणि भाचीला मी तो तसाच, उघडा लिहून पाठवला आहे.