साहेलमधे धरणाआधी खड्डे खणा

आफ्रिकेतल्या शेतीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, तिथे इरिगेशन नाही ना, धरणं बांधा, पंप द्या, झालं. सहाराच्या दक्षिणेला सिंचनाखालची जमीन फारच थोडी आहे हे खरंच आहे, पण साहेलसाठी, म्हणजे सहाराच्या दक्षिण कडेच्या कोरड्या पट्ट्यासाठी, नुसती धरणं हे उत्तर मला अजिबात पटत नाही. मालीत फ्रेंचांनी १९३२ मधे ऑफिस द्यु निजेर नावाची सरकारी सिंचन योजना काढली, नायजर नदीच्या पाण्यावर दहा लाख हेक्टरच्या आसपास जमीन भिजवायची होती, मार्कालाच्या धरणावर माणसं वेठीला धरून राबवली आणि एवढं करून आजही त्यातली थोडीशीच जमीन भिजते. बाकी सगळे पावसाच्या भरवशावर, ज्वारी बाजरी पेरणारे. (बाजरी मुळात तिकडचीच बरं का, आपल्याकडे नंतर आली.)

आता बुर्किना फासोतला यातेंगा भाग बघा. पाऊस येतो पण जमिनीवर दगडासारखी पापडी धरलेली, पाणी मुरतच नाही, वाहून जातं. तिथे याकुबा सावादोगो नावाच्या शेतकऱ्याने १९८० च्या सुमारास 'झाय' म्हणजे खड्ड्यांची जुनीच पद्धत सुधारून वापरली. उन्हाळ्यातच वीतभर खोल खड्डे खणायचे, शेणखत टाकायचं, खतामुळे वाळवी येते, ती जमीन पोखरते आणि पाऊस पडला की पाणी तिथेच मुरतं. आपण वाळवी मारायला औषध आणतो आणि हा माणूस तिला कामाला लावतो! लोक वेडा म्हणाले, त्याची झाडं जाळली, तरी मेलेल्या जमिनीवर ज्वारी आली आणि मागे २५ हेक्टरच्या वर जंगल उभं राहिलं. २०१८ ला राइट लाइव्हलीहुड पुरस्कार ('पर्यायी नोबेल' म्हणतात तो) मिळाला, २०२३ मधे गेले ते.

फुकट नाही हे, हेक्टरी शेकडो तास कुदळ मारावी लागते, गुरं नसतील तर शेणखत कुठून आणणार, त्यामुळे अनुदान द्यायचंच तर बैलगाडीला, खताला, मजुरीला द्या ना.

आणि मालकीचं काय? शेजारच्या नायजर देशात तेव्हा कायद्याने झाड सरकारचं होतं, मग शेतकरी कशाला राखेल? १९८० नंतर तिथल्या माराडी भागात वनखात्याने दंड करणं सैल केलं तशी लोकांनी शेतातल्या बुंध्यांना आलेले फुटवे राखायला सुरुवात केली, दक्षिण नायजरमधे जवळपास ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली. तिकडे याकुबांनी जगवलेल्या जमिनीवर मात्र शहर वाढलं म्हणून सरकारने घरांचे प्लॉट पाडले. हे वाचून मला खरंच फार राग आला, कारण अशाने पुढचा शेतकरी कुदळ उचलेल कशाला?