शेरेबही मागा, दादा

मागच्या आठवड्यात मी इथं लिहिलं होतं, की शाळा तपासायला येणारा विस्तार अधिकारी शिक्षकाला निलंबित करू शकत नाही, पगार रोखू शकत नाही आणि शाळेला कुलूपही लावू शकत नाही. त्यावर परभणी जिल्ह्यातल्या एका पालकांनी सविस्तर प्रतिक्रिया दिली आहे. तिचा मुख्य भाग असा:

"मॅडम, तुम्ही स्वतः त्या खात्यात होता म्हणून अख्खा लेख साहेब लोकांची बाजू घेऊन लिहिला. आमच्या गावात साहेब यायच्या आदल्या दिवशी फोन येतो. सकाळी रांगोळी, खुर्चीवर नवा टॉवेल, लेकरांना धुतलेले कपडे. साहेब वीस मिनिटं थांबतात, 'शाळा उत्तम' असा शेरा मारतात आणि गाडी निघते. अधिकारच नाही म्हणता तर हे पद ठेवलं कशाला? आमचे आजोबा सांगायचे, निजामाच्या काळात इन्स्पेक्टर आला की मास्तर लटलट कापायचा. तसा धाक पाहिजे."

दादा, तुमचा राग मला मान्य आहे. फोनची गोष्ट तर शंभर टक्के खरी. नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा कळवूनच जायचे. मुख्याध्यापक नेमके त्या दिवशी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात मीटिंगला गेलेले नसावेत, एवढाच त्यामागचा हेतू होता. पण कळवून गेलं की शाळा दिसत नाही, शाळेनं केलेली तयारी दिसते, हे कळायला मला फार वर्षं लागली. त्या वर्षांत मीही 'उत्तम' लिहिलेलं आहे.

पण धाकाचं म्हणाल तर तिथं मी तुमच्याशी सहमत नाही. निजामाच्या राजवटीत खासगी शाळा काढायलाच सरकारची परवानगी लागायची. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं ते उर्दू माध्यमाचं. घरात मराठी, तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या लेकराला वरचं शिक्षण परक्या भाषेतच घ्यावं लागे. अशा काळात १९२१ साली मराठवाड्यातल्या हिप्परगा गावात राष्ट्रीय शाळा उभी राहिली. स्वामी रामानंद तीर्थ तिथं मुख्याध्यापक होते, पुढं ते अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत गेले. आपल्या मुक्तिसंग्रामाची कितीतरी माणसं अशा शाळांमधून घडली. मास्तर कापायचा म्हणून मराठवाड्यातलं लेकरू शिकलं, असं काही झालेलं नाही. तो धाक राजवटीचा होता. लेकराची बाजू घेणारा तो नव्हता.

आता कायद्याकडं येते, कारण तुमचा खरा प्रश्न तिथं आहे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यात शाळातपासणीचं काम कुठल्या एका पदाच्या नावावर लिहिलेलं नाही. ते आहे 'स्थानिक प्राधिकरणा'च्या नावावर, म्हणजे आपल्याकडं जिल्हा परिषदेच्या. कलम ९ वाचा. प्रत्येक लेकराचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं यावर लक्ष ठेवायचं. स्थलांतरित कुटुंबांच्या लेकरांना प्रवेश मिळवून द्यायचा. आपल्या हद्दीतल्या शाळांचं कामकाज कसं चाललंय ते पाहायचं. ही सगळी जिल्हा परिषदेची कर्तव्यं आहेत. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी ही माणसं म्हणजे या कर्तव्याचे डोळे आणि पाय. मुंबईत 'शिक्षण निरीक्षक' अशा नावाचं पदच आहे. आपल्याकडं तेच काम या तीन-चार पायऱ्यांत वाटलेलं असतं.

हात मात्र दुसऱ्याचे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई करायची ती मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी. खासगी शाळेतल्या शिक्षकाला निलंबित करायचं ते संस्थेनं, तेही शिक्षणाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि त्याची १९८१ ची नियमावली तसं सांगते. शाळेची मान्यता काढायची तर कलम १८ प्रमाणं शाळेला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, आणि तिथल्या लेकरांनी जवळच्या कोणत्या शाळेत जायचं हे त्याच आदेशात लिहावं लागतं. मान्यता नसताना शाळा चालवली तर १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे, त्यानंतरही चालू ठेवली तर दिवसाला १० हजारांपर्यंत. पण त्याचा खटलासुद्धा शासनानं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय भरता येत नाही. साक्षीदाराला समन्स काढून बोलवायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार बालहक्क संरक्षण आयोगाला आहेत, विस्तार अधिकाऱ्याला नाहीत.

बघणारा एक आणि शिक्षा देणारा दुसरा, अशी ही रचना मुद्दाम केलेली आहे. मी तिच्या बाजूची आहे. रागाच्या भरात शाळेच्या दारातच कुणाची नोकरी जाऊ नये म्हणून ती आहे. आणि ती चालते फक्त एका गोष्टीवर: बघणाऱ्यानं काय लिहिलं.

हे मी ठेच लागून शिकले. एका शाळेत मी लागोपाठ गेले आणि एक गुरुजी कधीच भेटले नाहीत. गाव तक्रार करत होतं, मला पक्कं माहीत होतं. मी शेरेबहीत, म्हणजे तपासणीचे शेरे लिहायच्या शाळेतल्या वहीत, लिहिलं, 'शिक्षक नेहमी गैरहजर असतात, कडक कारवाई व्हावी.' चौकशी लागली. गुरुजींच्या बाजूनं एकच प्रश्न आला: नेहमी म्हणजे कोणत्या तारखांना? माझ्याकडं एकही तारीख लिहिलेली नव्हती. ना वेळ, ना त्या दिवशीच्या हजेरीपटाचा उल्लेख, ना हालचाल रजिस्टर (शिक्षक कामासाठी बाहेर गेले तर ते लिहायची वही) पाहिल्याची नोंद. गुरुजी सुटले. त्यांना सोडणाऱ्या अधिकाऱ्यांचं काही चुकलं नाही. चूक माझ्या 'नेहमी' या शब्दाची होती. त्या वर्गातल्या लेकरांनी आणखी दोन वर्षं त्याची किंमत मोजली.

दुसरा प्रसंग जानेवारी २०१३ चा. बालाघाटाच्या डोंगरात, बीड जिल्ह्यातली एक वस्तीवरची शाळा. त्या दिवशी कुणालाही न कळवता गेले. गाडी खाली रस्त्यावर ठेवली आणि पायवाटेनं चढून गेले. दारात पोचले तेव्हा अकरा वीस झाले होते. आत जायच्या आधी नजर चपलांवर गेली. मोजल्या. बारा जोड. एका जोडाचा अंगठा तारेनं बांधलेला होता. आत हजेरीपट उघडला तर पटावर ३१, हजर २९. पोषण आहाराच्या नोंदवहीतही २९ लेकरांची खिचडी. समोर बसलेली लेकरं बारा. हजर लावलेलं एकेक नाव मी वाचत गेले. पुढच्या रांगेत बसलेली तिसरीतली एक मुलगी प्रत्येक गैरहजर नावाला न विचारता उत्तर द्यायला लागली. "तो कारखान्याला गेला." "ती पण कारखान्याला." "त्याची माय गेली म्हणून तो गेला." सतरा वेळा.

गुरुजी हात जोडून म्हणाले, "बाई, पट वीसच्या खाली गेला तर शाळाच उठंल हो इथली." त्यांची भीती खोटी नव्हती. साखर कारखान्याच्या ऊसतोडीसाठी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेला कोयता (ऊस तोडणारं जोडपं) दसरा-दिवाळीला गाव सोडतो तो गुढीपाडव्याच्या आसपास परत येतो. चार-पाच महिने अर्धी वस्ती रिकामी असते. पण त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती, आणि ती आधी सांगणं माझंच काम होतं. लेकरू गैरहजर लिहिलं म्हणजे त्याचं नाव पटावरून कमी होत नाही. उलट ते हजर लिहिलं, की ते हरवलंय हेच कुणाला कळत नाही. त्याच्यासाठी हंगामी वसतिगृह (आईबाप ऊसतोडीला गेले तरी लेकरांनी गावातच राहून शिकायची सोय) मागता येत नाही, कारखान्याजवळच्या शाळेला कळवता येत नाही. कागदावर ते वस्तीवर बसून खिचडी खात असतं आणि खरं पाहिलं तर फडात धाकट्या भावाला सांभाळत असतं.

तुम्हाला २०११ ची पटपडताळणी, म्हणजे पटावरची लेकरं खरोखर शाळेत आहेत का हे मोजायची मोहीम, आठवत असेल. नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी आधी ती करून दाखवली. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर झाली, लेकरांच्या बोटांना शाई लावून. राज्यात किती बोगस नावं निघाली ते सगळ्यांनी वाचलं. वर्षानुवर्षं आम्ही सह्या केलेले हजेरीपट होते ते, आणि ही लाज आमच्या खात्याची आहे. पण एक बारकावा कुणी फारसा बोलत नाही. त्या वर्षी दसरा ६ ऑक्टोबरला होता. ऊसतोडीच्या टोळ्या अजून गावातच होत्या. या वस्तीच्या शाळेत तेव्हा सगळी लेकरं खरोखर हजर होती, एकही नाव बोगस निघालं नाही. तीन दिवसांच्या मोहिमेला जे दिसू शकत नव्हतं, ते फक्त जानेवारीत पायवाटेनं चढणाऱ्याला दिसणार होतं. म्हणून पद रद्द करा या तुमच्या म्हणण्याला माझा विरोध आहे.

त्या दिवशी मी शेऱ्यात 'कडक कारवाई' हे शब्द लिहिले नाहीत. तारीख लिहिली, वेळ लिहिली, पटावर ३१, हजेरीत २९, प्रत्यक्ष १२. सतरा नावं लिहिली, प्रत्येकापुढं इयत्ता आणि वस्तीवर समजलं तेवढं कारखान्याचं ठिकाण. खाली गुरुजींचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत घेतलं आणि त्यावर त्यांची सही. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं अहवाल पाठवताना कलम ९ मधला स्थलांतरित लेकरांचा मुद्दा लिहिला. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही हे कलम ५ सुद्धा लिहिलं, कारण दुसऱ्या जिल्ह्यातले मुख्याध्यापक पहिल्यांदा दाखलाच मागतात. सतरापैकी सहा लेकरांची नावं त्याच महिन्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याजवळच्या शाळेत लागली. अकरांचा मला पत्ता लागला नाही. पुढच्या दिवाळीला त्या गावात शाळा व्यवस्थापन समितीनं हंगामी वसतिगृह मागितलं, तेव्हा मागणीसोबत तोच शेरा जोडला होता. नऊ लेकरं आजी-आजोबांकडं थांबली.

त्याच शाळेत त्याआधीच्या दोन हिवाळ्यांत मी जाऊन आले होते. दोन्ही वेळा कळवून, आणि दोन्ही वेळा हजेरीपटावर माझी सही आहे. ती मी विसरू शकत नाही.

आणखी एक कर्तव्य आहे, तिथं मात्र सगळी पायरी-पायरीची भाषा संपते. लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणं ते पोलिसांना कळवणं कुणावरही बंधनकारक आहे. अधिकारीही त्यात आलाच. 'आधी अंतर्गत चौकशी करू, संस्थेशी बोलू' असं म्हणत बसणारा साहेब स्वतः गुन्हा करत असतो. तिथं शेरा पुरत नाही.

तुमच्या गावाबद्दल बोलायचं तर, दादा, निलंबनाची मागणी बाजूला ठेवा आणि आधी शेरेबही मागा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, तुम्ही त्यात असाल तर बैठकीतच मागा. नसाल तर माहिती अधिकारात अर्ज करा, मागच्या तीन वर्षांचे शेरे आणि त्यावर झालेल्या कार्यवाहीच्या प्रती मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रत हातात आली की फक्त एवढं पाहा: साहेबांनी किती लेकरं स्वतः मोजली, कोणत्या वर्गाचं वाचन घेतलं, कोणत्या तारखेचा हजेरीपट पाहिला, मागच्या शेऱ्यातलं काय झालं हे विचारलं का. 'शाळा उत्तम' याखेरीज काहीच नसेल, तर तुमची तक्रार त्या साहेबांविरुद्धच आहे, आणि आता ती तुमच्या हातात कागदावर आहे. ती जिल्हा परिषदेकडं लेखी द्या आणि पोच घ्या. लेकराच्या हक्काची तक्रार असेल तर कलम ३२ प्रमाणं दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडं अपील आहे.

आणि तुमच्याकडच्याही टोळ्या कारखान्याला जात असतील तर एक काम कराच. संक्रांतीनंतर एखाद्या मंगळवारी अकराच्या सुमारास शाळेच्या दारापाशी जा, चपला मोजा, मग आत जाऊन फळ्यावरचा हजर आकडा पाहा. दोन आकडे जुळले नाहीत तर तारीख, वेळ आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. ते इथं खाली लिहिलंत तर अर्जाचा मसुदा मी करून देते.